देखरेख आणि पाळत

सोलापुरात सात रस्त्यावरून हेल्मेटविना जाताना कॅमेऱ्याने मला टिपले. चूक माझीच होती. ई-चलानाचा दंड मी मुकाट्याने भरला. परंतु त्या छायाचित्रात एक अनोळखी पादचारीही होता. त्याने कोणता नियम मोडला होता?

सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने रस्ता सुरक्षेसाठी इलेक्ट्रॉनिक देखरेखीची तरतूद केली. दोन्ही आवश्यकच आहेत. 'देखरेख' या शब्दात काळजी आहे, 'पाळत' या शब्दात संशय. कॅमेरा मात्र एकच असतो. टिपलेले छायाचित्र कोण पाहतो, कशासाठी आणि किती काळ जपतो, यावरून त्याचा शब्द ठरतो. आपल्या चौकातील कॅमेऱ्यासाठी आपण कोणता शब्द योजाल, ते सकारण लिहून पाहा.