चाचांची बंदूक

आमचे घर मालवणला, समुद्राजवळ आहे. मी पाचवीत असताना चाचांनी कुवेतहून व्हिडिओ गेमचा संच आणला. 1983 साली जपानच्या निन्टेन्डो कंपनीने काढलेल्या संचाची ती नक्कल होती. सोबत कॅसेटी होत्या आणि एक बंदूक. बंदुकीने पडद्यावरची बदके पाडायची.

पुढे चाचा वारले. संच माळ्यावर पडून राहिला. गेल्या मे महिन्यात माझ्या मुलाने तो खाली काढला. पण चित्र दिसेना. लहानपणी आम्ही कॅसेटीत फुंकर मारत असू. ते चूकच होते. फुंकरीत ओल असते, आणि आमच्याकडची हवा आधीच खारी! कॅसेटीच्या धातूच्या पट्ट्या काळवंडल्या होत्या. स्पिरिटच्या बोळ्याने त्या पुसल्या. चित्र आले, पण बदक काही पडेना.

"अब्बा, बंदूक बिघडली," मुलगा म्हणाला.

मी त्याला समजावले, "या बंदुकीतून काही सुटत नाही. तिच्या नळीत प्रकाश ओळखणारा डोळा आहे. चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकतो. डोळ्याला तो दिसला, तर बदक पडते. नव्या सपाट टीव्हीवर चौकोन किंचित उशिरा उमटतो."

चाचींच्या खोलीत जुना, काचेच्या मोठ्या नळीचा टीव्ही होता. तो भंगारात जाणार होता. आम्ही संच त्याला जोडला. पहिल्याच नेमाला बदक पडले! मुलगा आनंदाने ओरडला.

दारात उभ्या असलेल्या चाची म्हणाल्या, "तुझे चाचा असेच ओरडायचे, बेटा." त्यांनी ओढणीने डोळे पुसले.

टीव्ही भंगारात गेला नाही.