वहीतील एक शब्द

घाटकोपर पूर्वेला, टिळक रोडजवळच्या एका जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावरील एका खोलीचे दार रोज पहाटे सहा वाजता आतून बंद होते. पंखा थांबवला जातो, खिडकी लावली जाते. साठी ओलांडलेले शेठजी तोंडावर मास्क बांधतात, साबणाने हात चोळून धुतात, कोरडे करतात आणि खुर्चीत बसतात. पोटातून बाहेर आलेल्या मऊ नळीला दुहेरी पिशवी जोडली जाते. रात्रभर पोटात राहिलेला द्रव खालच्या रिकाम्या पिशवीत उतरतो. मग वर टांगलेल्या पिशवीतून दोन लिटर ताजा द्रव पोटात जातो. अर्ध्या तासात सारे आटोपते. दहाच्या आत शेठजी स्टेशनजवळच्या आपल्या भांड्यांच्या दुकानात गल्ल्यावर बसलेले असतात.

मधुमेहाने त्यांची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली, तेव्हा ‘डायलिसिस’ या शब्दानेच घर हादरले होते. त्यांच्या पिढीच्या मनात तो शब्द जयप्रकाश नारायणांच्या आजारपणाशी जोडलेला होता. १९७५ च्या नोव्हेंबरात सुटका झाल्यावर जयप्रकाशजींना मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आणले गेले आणि १९७९ मधील निधनापर्यंत त्यांचे जीवन डायलिसिसच्या यंत्रावर अवलंबून राहिले. आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येक वेळी चार तास यंत्राजवळ पडून राहायचे म्हणजे दुकानाला कुलूप, असेच शेठजींनी गृहीत धरले. डॉक्टरांनी मात्र दुसरी वाट दाखवली. ती पोटाच्या डायलिसिसची.

पोटाच्या आतल्या भिंतीवर आणि आतड्यांभोवती एक पातळ पडदा असतो. पोटात साखरयुक्त द्रव भरून चार ते सहा तास ठेवला, की पडद्यातील सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून रक्तातील अशुद्ध द्रव्ये व जादा पाणी त्या द्रवात उतरतात. अमेरिकेतील सिएटल येथे हेन्री टेंकॉफ यांनी १९६८ साली पोटात दीर्घकाळ राहू शकणारी नळी पुढे आणली. १९७६ मध्ये पोपोविच आणि मॉनक्रीफ यांनी यंत्राविना अखंड चालणाऱ्या या पद्धतीची मांडणी केली. आरंभी द्रव काचेच्या बाटल्यांतून येई आणि पोटात जंतुसंसर्ग वारंवार होई. पुढे प्लॅस्टिकच्या पिशव्या आल्या, नंतर दुहेरी पिशवी आली. ताज्या द्रवाने आधी नळी धुऊन तो खाली सोडायचा आणि मगच पोट भरायचे, या साध्या क्रमाने संसर्ग पुष्कळ घटला. घटला, पण संपला नाही.

शेठजींनी पहिल्याच आठवड्यात हिशोब मांडला: दिवसाला चार वेळा, म्हणजे वर्षाला १,४६० वेळा ही जोडणी. त्यांतील एकदा जरी नळीच्या टोकाला बोट लागले, तरी जंतूंना दार उघडे. महिन्याला १२० पिशव्यांचे खोके येत, आणि बैठकीच्या खोलीचा एक कोपरा गोदामासारखा दिसे. एक लाल वही ठेवली गेली. किती द्रव आत गेला, किती बाहेर आला, वजन, रक्तदाब आणि बाहेर आलेल्या द्रवाचा रंग. पिशवीमागे वर्तमानपत्र धरायचे. अक्षरे वाचता आली तर ‘स्वच्छ’, पुसट दिसली तर ‘गढूळ’. चाळीस वर्षे जमा-नावे लिहिलेल्या हाताला हे काम आवडले.

आहाराचा प्रश्न मात्र अवघड होता. बाहेर पडणाऱ्या द्रवाबरोबर रोज काही ग्रॅम प्रथिनेही जातात. अंडी घरात नाहीत. तेव्हा मूग, पनीर आणि दही यांतूनच, आहारतज्ज्ञांनी आखलेल्या मापात, ती तूट भरून काढायची होती. पर्युषणात शेठजींचा तेल्याचा मानस होता. डॉक्टरांनी ही तूट समजावली, तेव्हा त्यांनी त्या वर्षी द्रव्य-मर्यादेचे पच्चक्खाण घेतले. चौविहाराला मात्र काही अडचण आली नाही.

दीड वर्ष असे निर्विघ्न गेले आणि सवयीने सावधपणाची जागा घेतली. लग्नसराईच्या गर्दीत दुपारची पिशवी ते दुकानाच्या पोटमाळ्यावर बदलू लागले. हात घाईत धुतले जात. मास्क कधी खिशातच राहे. वर पंखा फिरत असे.

पुतण्याच्या साखरपुड्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी सायंकाळी, पिशवीमागची अक्षरे पुसट दिसली. पोटात किंचित दुखत होते. रुग्णालयाची सूचना स्पष्ट होती: द्रव गढूळ दिसला तर ताबडतोब फोन करावा आणि तीच पिशवी घेऊन यावे. शेठजींनी क्षणभर विचार केला. घरात पाहुणे होते, मुलगा मुलुंडला हॉल पाहायला गेला होता. त्यांनी वहीत लिहिले, ‘स्वच्छ’.

रविवारी समारंभात ते हसत बसले. रात्री थंडी वाजून ताप भरला, पोटाला हात लावू देईनात. पत्नी म्हणाली, “अहो, काल का नाही बोललात?” उत्तर आले नाही.

तपासणीत द्रवाच्या एका मायक्रोलिटरमध्ये शंभराहून कितीतरी अधिक पांढऱ्या पेशी निघाल्या. निदान पेरिटोनायटिसचे, म्हणजे पोटाच्या पडद्याच्या संसर्गाचे. प्रतिजैविके पिशवीतील द्रवातच मिसळून दिली जाऊ लागली. वेळीच उपचार मिळाले तर बहुतेक रुग्ण नळी न काढता बरे होतात. डॉक्टरांनी वही मागितली. “शनिवारी तर द्रव स्वच्छ होता,” ते म्हणाले. शेठजी काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “डॉक्टरसाहेब, ती नोंद खोटी आहे.”

सूनबाई पलंगाशी उभी होती. दुकानाच्या वहीत एका पैशाचीही चुकीची नोंद न खपवणाऱ्या पप्पांच्या तोंडचे ते वाक्य ऐकून तिने मान खाली घातली.

पाच दिवस झाले तरी द्रव निवळला नाही. नळी काढावी लागली. गेलेला दीड दिवस हाती असता तर ती वाचलीच असती, असे डॉक्टर म्हणाले नाहीत. पण विलंबाचा प्रत्येक तास महाग पडतो, एवढे त्यांनी सांगितले. पुढचे काही महिने शेठजी आठवड्यातून तीनदा यंत्रावर गेले. ज्या कुलपाची त्यांना धास्ती होती, ते त्या दिवशी दुकानाला लागू नये म्हणून मुलगा गल्ल्यावर बसला. संसर्गानंतर पडदा चिकटून काही रुग्णांची ही वाट कायमची बंद होते. शेठजींची बंद झाली नाही. नवी नळी बसली.

आता दुपारची पिशवी घरीच बदलली जाते. त्यासाठी शेठजी दुकानातून परत येतात. नळीच्या तोंडाशी रोज मलम लावणे सूनबाईने शिकून घेतले आहे. दुकानातल्या मुनीमजींपासून नातवापर्यंत सर्वांना ठाऊक आहे, की गढूळ पिशवी दिसली तर लग्न असो वा दिवाळी, आधी फोन.

लाल वही अजून तीच आहे. त्या शनिवारच्या पानावर ‘स्वच्छ’ या शब्दावर एक आडवी रेघ आहे. मूळ अक्षर वाचता यावे, अशी, व्यापारी चुकीच्या रकमेवर मारतात तशी. शेजारी ‘गढूळ’ असे लिहून खाली शेठजींनी सही केली आहे.