धोट्याची लय

आवडीनिवडींचा हिशेब मागू नये, असे म्हणतात. आमच्या एका आवडीचा हिशेब मात्र इतरांनी न मागताही आम्हाला द्यावासा वाटतो, कारण तिच्यात थोडी अपराधाची भावना मिसळलेली आहे. टेक्नो या संगीताची ही आवड, आणि त्यातही बर्लिनच्या एका क्लबने चालवलेल्या ‘ओस्टगूट टोन’ या लेबलच्या तबकड्यांची.

२०१० सालच्या आरंभी आम्ही पुण्यात नोकरीला होतो. कामानिमित्त बर्लिनला जाऊन आलेल्या एका सहकाऱ्याने बेन क्लॉक याची ‘वन’ ही सीडी आम्हाला दिली. आदल्याच वर्षी ती निघाली होती. रात्री कानांना हेडफोन लावून आम्ही ती ऐकू लागलो आणि तिसऱ्या की चौथ्या मिनिटाला हेडफोन काढून ठेवले. संगीत वाईट होते म्हणून नव्हे. ते फार ओळखीचे वाटले म्हणून.

आमचे बालपण इचलकरंजीत गेले. घराच्या भिंतीला लागून यंत्रमागांची शेड होती आणि तिथे आमचे वडील चार माग सांभाळत. साध्या मागाचा धोटा मिनिटाला साधारण सव्वाशे ते दीडशे फेऱ्या मारतो. चार मागांचे चार धोटे कधी एकमेकांना गाठत, कधी मागे पडत, आणि त्या धावाधावीतून एक पाचवीच लय उमटे. आम्ही तिच्यावर झोपत असू. रात्री वीज गेली की शांततेने जाग येई. त्या आवाजाने अण्णांचे कान मात्र हळूहळू नेले. घरात सगळेच ओरडून बोलत, आणि पाहुण्यांना वाटे की इथे सदा भांडणच चालू असते. पुण्यास निघताना आम्ही मनाशी ठरवले होते, की यापुढे घर घ्यायचे ते शांत गल्लीत. आणि इथे आमच्याच पैशांच्या हेडफोनमधून शेड पुन्हा सुरू झाली होती!

दुसऱ्या रात्री आम्ही ती सीडी शेवटपर्यंत ऐकली. मग या लेबलचे जे जे हाती लागेल ते ते.

या लेबलची हकीकत थोडक्यात सांगायला हवी. ‘ओस्टगूट’ हा बर्लिनमधला जुना क्लब. रेल्वेच्या मालगोदामात तो १९९८ पासून २००३ पर्यंत चालला. त्याच्या चालकांनी २००४ साली ‘बेर्गहाइन’ हा नवा क्लब काढला. क्रॉइत्सबेर्ग आणि फ्रीडरिश्सहाइन या दोन वस्त्यांच्या सीमेवर तो आहे आणि त्यांच्याच शेवटच्या अक्षरांतून त्याचे नाव जुळवलेले आहे. इमारत पूर्व जर्मनीच्या काळातल्या, १९५० च्या दशकातल्या वीजकेंद्राची. मुख्य दालनाचे छत सुमारे अठरा मीटर उंच. पुढल्याच वर्षी, २००५ साली, तिथे नियमित वाजवणाऱ्या डीजेंच्या रचना प्रसिद्ध करण्यासाठी ‘ओस्टगूट टोन’ हे लेबल निघाले. ‘टोन’ म्हणजे जर्मनमध्ये ध्वनी. मार्सेल डेटमान आणि बेन क्लॉक यांच्या तबकडीने त्याचा आरंभ झाला. खालच्या दालनात टेक्नो आणि वरच्या ‘पॅनोरामा बार’मध्ये हाउस, अशी क्लबची विभागणी होती, लेबलच्या तबकड्यांतही तीच दिसे.

टेक्नो हे नाव डेट्रॉइटचे. मोटारींच्या कारखान्यांच्या त्या शहरात १९८० च्या दशकात हुआन ॲटकिन्स, डेरिक मे, केव्हिन सॉन्डरसन या कृष्णवर्णीय तरुणांनी ते घडवले. हाउस हे शिकागोचे. बर्लिनमध्ये हे दोन्ही प्रकार भिंत पडल्यानंतर, ओस पडलेल्या तळघरांत आणि कारखान्यांत रुजले. ओस्टगूट टोनच्या संगीतात ही दोन्ही घराणी वेगवेगळी ऐकू येतात. प्रोझुमर आणि मुरात तेपेली यांच्या ‘सेरेनिटी’त (२००८) किंवा स्टेफीच्या ‘युअर्स अँड माइन’मध्ये (२०११) शिकागोची ऊब आहे, तिथे माणसाचा गळा आहे, विरह आहे. डेटमानच्या तबकड्यांत मात्र धातू, वाफ आणि अंधार. आम्ही स्वभावतः खालच्या दालनाचे.

या संगीतावरचा सर्वांत मोठा आक्षेप असा, की सगळे एकसारखेच वाजते. आक्षेप खरा आहे. त्यातून काढलेला निष्कर्ष तेवढा घाईचा आहे. आपल्याकडे तबल्याचा एकलवादनाचा कार्यक्रम ऐकावा. सारंगी किंवा संवादिनी तासभर एकच लेहरा धरून असते आणि त्याबद्दल कोणी तक्रार करीत नाही, कारण लेहरा स्थिर असतो म्हणूनच तबलियाने काढलेली सूक्ष्म वाट कानाला कळते. टेक्नोतला प्रत्येक मात्रेवर पडणारा किक ड्रमचा ठोका हे काम करतो. तो मिनिटाला सव्वाशे ते एकशे पस्तीस वेळा पडत राहतो, आणि त्याच्या आधाराने वरची एखादी झांज सोळा मात्रांनंतर किंचित उघडते, एखादा स्वरगुच्छ काळोखातून दोन पावले पुढे येतो. शिवाय ही रचना एकटी ऐकण्यासाठी केलेलीच नसते. आरंभी आणि शेवटी मिनिटभर नुसता ठेका ठेवलेला असतो, तो दुसऱ्या तबकडीच्या ठेक्याशी सांधण्यासाठी. विणकराच्या भाषेत सांगायचे, तर जुना ताणा संपत आला की नव्या बीमचे दोरे त्याला गाठून घेतात, तशी ही सोय आहे.

लेबलला पाच वर्षे झाली तेव्हा, २०१० साली, ‘फ्युन्फ’ नावाचा संग्रह निघाला. एमिका या संगीतकर्तीने रिकाम्या बेर्गहाइनमध्ये फिरून त्या इमारतीचेच आवाज ध्वनिमुद्रित केले, आणि लेबलच्या कलावंतांनी त्यांतून रचना केल्या. या कल्पनेने आम्ही भारावून गेलो. क्लब आम्ही पाहिलेला नाही, बर्लिनलाही कधी गेलो नाही. पण त्या इमारतीचे अंतरंग आमच्या खोलीत वाजत होते. आणि त्याच वेळी एक अस्वस्थ प्रश्न मनात आला. या वीजकेंद्रात ज्यांनी पाळ्या केल्या, त्यांना हे आवाज कसे वाटले असते? यंत्राची लय ज्याला सोसावी लागत नाही, त्यालाच तिचे सौंदर्य दिसते की काय? २०२४ साली बर्लिनच्या टेक्नो संस्कृतीची जर्मनीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद झाली, तेव्हा आनंद झाला. आणि आमच्या शेडचा आवाज कोणत्या यादीत जाणार, हेही मनात आल्यावाचून राहिले नाही. तो आवाज वारसा म्हणून उरला असेल तर अण्णांच्या कानांत.

हा प्रश्न आम्ही अखेर अण्णांपुढेच नेला. ते पुण्यास आले असता एका दुपारी ‘वन’ लावली. त्यांना वरचे स्वर ऐकू येत नसत. खालचे ठोके मात्र येत. ते स्पीकरच्या पेटीवर हात ठेवून बसले. चेहऱ्यावर ना आवड ना नावड. कामावर असल्यासारखे लक्ष. काही वेळाने एका रचनेत किक थांबला. या संगीतात ही जागा मानाची. ठोका काढून घेतात, वरचे स्वर अधांतरी राहतात, नाचणारे हात वर करतात आणि ठोका परतला की एकच जल्लोष होतो. अण्णा मात्र पेटीवरचा हात काढून खुर्चीतून अर्धे उठले.

“दोरा तुटला का रं?”

ठोका परत सुरू झाला तेव्हा ते बसले. “लागला,” एवढेच म्हणाले.

मजुरी विणलेल्या मीटरवर मिळे. माग थांबला की पैसे थांबत. चार मागांच्या कल्लोळात गप्प झालेला एक माग ऐकणे, हेच त्यांचे तीस वर्षांचे कसब होते. कान गेले तरी ते गेले नव्हते. ज्या शांततेसाठी बेर्गहाइनमधली गर्दी रात्रभर वाट पाहत असेल, तीच शांतता त्यांच्या लेखी नुकसान होती.

आमच्या प्रश्नाला त्यांनी उत्तर दिले नाही. पण एक फरक आम्हाला कळला. शेडमध्ये थांबणे माणसाच्या हाती नव्हते. यंत्र थांबे आणि माणूस धावे. इथे माणूस ठोका काढून घेतो, हवा तितका वेळ रोखून धरतो आणि मनाला येईल तेव्हा परत देतो. यंत्राची लय तीच, मालकी बदललेली. डेट्रॉइटच्या तरुणांनी कदाचित हीच मालकी मिळवली. त्यामुळे आमची अपराधाची भावना नाहीशी झाली असे नाही. मात्र ती कुठे ठेवायची, हे समजले.

महामारीत, २०२० च्या मार्चमध्ये, बेर्गहाइनचे दालन बंद झाले. २०२१ च्या ऑक्टोबरात ते पुन्हा उघडले, पण त्या वर्षाच्या अखेरीस ओस्टगूट टोन मात्र थांबले. कलावंत आपापल्या लेबलांकडे वळले. क्लॉकचे ‘क्लॉकवर्क्स’ आणि डेटमानचे ‘एमडीआर’ २००६ पासून होतीच. तोवर आमच्या गल्लीतले जुने मागही भंगारात निघाले होते, आणि अण्णाही राहिले नव्हते.

‘वन’ आम्ही अजून ऐकतो. किक थांबतो त्या जागी हात वर करावासा वाटतो, आणि त्याच क्षणी खुर्चीतून अर्धे उठावेसेही वाटते. आम्ही दोन्ही करीत नाही. ठोका परत येईपर्यंत बसून राहतो.