उलट्या पंखाची गाडी

कोइमतूरला जाऊन आलो असे सांगितले की माणसे हटकून विचारतात, "म्हणजे उटीला गेला होतात?" नाही हो! निलगिरीचे आम्हाला दर्शन झाले ते लांबूनच. आम्ही गेलो होतो मोटारींच्या शर्यतीला. आणि त्याही कशा मोटारी, तर कॉलेजातल्या मुलामुलींनी स्वतःच्या हाताने बनवलेल्या!

माझी भाची पुण्याच्या एका इंजिनियरिंग कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आहे. "वीस-बावीस पोरं आणि रात्रीबेरात्री काम, एखादं मोठं माणूस बरोबर हवं," असे ताईने फर्मावले आणि माझी रवानगी झाली. गाडी ट्रकने पुढे गेली होती. आम्ही कुर्ल्याहून येणाऱ्या कोइमतूर एक्सप्रेसने सोलापूर, गुंतकल, बंगळूर, सेलम, इरोड अशी दक्षिण पालथी घालत निघालो.

सोलापूर मागे पडते न पडते तोच डब्यात भांडण जुंपले. विषय होता पंख. भाचीने सात महिने खपून गाडीला पुढे एक आणि मागे एक असे दोन पंख बसवले होते. संघाचा कप्तान म्हणत होता, "ही काय विमानं आहेत? पल्ल्याच्या शर्यतीत आपली सरासरी पन्नास-पंचावन्न किलोमीटरची. एवढ्याशा वेगात पंखाचा उपयोग काय? बारा किलो वजन मात्र उगाच वाहायचं."

मला त्याचे म्हणणे तंतोतंत पटले. आमच्या गल्लीतली रिक्षासुद्धा तेवढ्या वेगाने जाते. तिला कुणी पंख लावल्याचे ऐकिवात नाही!

भाची काही बोलली नाही. तिने खिडकीच्या गजांतून तळहात जरासा बाहेर काढला आणि बोटांकडची बाजू खाली कलवली. वाऱ्याने हात सपकन खाली दाबला गेला. "बघ मामा. विमानाचा पंख उचलतो. आमचा उलटा बसवलाय, म्हणून तो दाबतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट." मी आधी तिला हात आत घ्यायला लावला आणि मग विचारले, "दाबच हवा तर दोन पोती वाळू टाका की गाडीत!"

ती हसली. "वाळूनं चाकं जमिनीला घट्ट धरतील, पण वळताना ती वाळूही वळवायला लागेल ना! पंख भार देतो, पण त्या मानानं वजन देत नाही."

मला आईचा पाटा-वरवंटा आठवला. भला जड वरवंटा घेतला की वाटण बारीक होते खरे, पण तो मागेपुढे ढकलताना खांदे भरून येतात. हलका वरवंटा घेऊन वरून जोर दिला, तर वाटण तेच आणि वळवायला हात मोकळा. पंखाचे मर्म एवढेच.

तिच्या वहीत आकडे होते. चालवणाऱ्यासह गाडीचे वजन 280 किलो. ताशी 40 किलोमीटरला पंखांचा दाब सुमारे 22 किलो. 80 ला चौपट, म्हणजे 90 च्या घरात. बारा किलो दिले आणि बावीस घेतले, तेही अगदी सावकाश वळणावर! कप्तान मात्र हटेना. "आणि या पंखापायी गाडी पाच आठवडे उशिरा तयार झाली, त्याचं काय? चालवणाऱ्यांचा सराव कुठे झालाय?" यावर भाचीला उत्तर सुचले नाही.

कोइमतूर हे एका अर्थी वाऱ्याचेच गाव. पश्चिमेला सह्याद्रीच्या भिंतीला पालघाटचे खिंडार पडले आहे. पावसाळ्यात त्यातून वारा असा घुसतो की पल्लडम-उडुमलपेटच्या बाजूला पवनचक्क्यांची रानेच उभी राहिली आहेत. गाव कापडगिरण्यांचे, पंपांचे आणि इडलीचे पीठ वाटणाऱ्या दगडी ग्राइंडरांचे. 1937 साली विजेची मोटर घडवणारे जी. डी. नायडू इथलेच. फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय, नारायण कार्तिकेयन, हाही इथलाच. लोखंडाशी खेळणाऱ्या माणसांचे गाव!

गावाबाहेर चेट्टिपाळयमजवळ 'करी मोटर स्पीडवे' आहे. 1995 साली विमान अपघातात गेलेले एस. करिवर्धन स्वतः शर्यतीच्या गाड्या बनवीत आणि नव्या पोरांना हाताशी धरीत. त्यांच्या नावाने 2003 साली हा दोन किलोमीटरांहून थोडा लांब रस्ता तयार झाला. 'फॉर्म्युला भारत' ही विद्यार्थ्यांची स्पर्धा इथे जानेवारीत भरते. मूळ कल्पना अमेरिकेतली, 1981 सालची. आता ती जगभर पसरली आहे. नारळीची झाडे, तांबूस माती, आणि शेडमध्ये ओळीने उभ्या, चार चाके उघडी टाकलेल्या बुटक्या गाड्या. काहींना पंख, काहींना नाहीत. म्हणजे आमच्या डब्यातले भांडण इथे सगळ्याच डब्यांत झाले असणार!

पंखांची ही कथा जुनीच आहे. 1956 साली मिखाएल माय नावाच्या स्विस इंजिनियरने आपल्या पोर्शवर उलटा पंख चढवून जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगला नेला, तर अधिकाऱ्यांनी तो काढायला लावला. फॉर्म्युला वनच्या गाड्यांवर पंख दिसले ते 1968 मध्ये. विद्यार्थ्यांच्या छोट्या गाड्यांचा हिशेब मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातल्या वर्डली आणि साँडर्स यांनी 2006 साली निबंधांतून मांडला. सरळ धावेत थोडे नुकसान, पण वळणावळणांच्या रस्त्यावर फायदा, असा त्याचा मथितार्थ. भाचीने ते निबंध पोथीसारखे वाचले होते.

पहिले दोन दिवस तपासणीतच गेले. गाडी फळीवर चढवून साठ अंशांपर्यंत कलती करतात. तेल गळता कामा नये आणि चाक सुटता कामा नये. मग ब्रेकची परीक्षा. चारही चाके एकदम थांबली पाहिजेत. माझ्या मॅट्रिकच्या परीक्षेतसुद्धा माझी छाती इतकी धडधडली नव्हती.

तिसऱ्या दिवशी इंग्रजी आठाच्या आकड्याभोवती गाडी फिरवायची होती. पुण्याच्या मैदानावर पंख नसताना त्यांची एक फेरी 5.4 सेकंदांत होई. इथे पंखांसह लागले 5.2! "एवढ्याशानं काय होतंय?" असे मी म्हणालो, तर सगळी पोरे माझ्याकडे अशी पाहू लागली की जणू मी देवळात चपला घालून शिरलो. पंचाहत्तर मीटरच्या सरळ धावेत काही शतांश सेकंद गेले, ते कप्तानाने मोठ्याने वाचून दाखवले. पण संध्याकाळी शंकूंच्या नागमोडी रस्त्यावर गाडी रुळावरून गेल्यासारखी गेली, तेव्हा तोही टाळ्या वाजवीत होता.

आणि त्याच रात्री घात झाला. मागच्या पंखाचा आधार जिथे चिकटवला होता, तिथला जोड सुटलेला भाचीच्याच बोटाला लागला. पुन्हा चिकटवता आला असता, पण तो सरस पक्का व्हायला पुरा एक दिवस. आणि सकाळी 22 किलोमीटरची शेवटची दौड. सर्वांत जास्त गुण तिलाच.

"मागचा काढू, पुढचा राहू दे," कुणीतरी म्हणाले.

"नाही," भाची म्हणाली. "पुढची चाकं दाबलेली आणि मागची मोकळी राहिली, तर पहिल्याच जोरकस वळणावर गाडीचं शेपूट पुढे येईल. काढायचे तर दोन्ही."

पान्हा तिनेच उचलला. कप्तान मुकाट्याने शेजारी बसून बोल्ट वेचीत राहिला. सात महिन्यांचे काम वीस मिनिटांत उतरले. मग दोघांनी मिळून ब्रेकचे पुढचे-मागचे प्रमाण नव्याने जुळवले. सकाळी परीक्षकांनी गाडी पुन्हा तपासून होकार दिला.

दौड मी कुंपणाला टेकून पाहिली. गाडी वळणांवर जरा बिचकत होती. दोन शंकू उडाले. शंकूमागे दोन सेकंद दंड. मध्यावर चालक बदलला, इंजिन पुन्हा सुरू होईपर्यंत आमचे श्वास अडकले. शेजारच्या एका संघाची गाडी, देखणे पंख मिरवीत, तिथेच बंद पडली ती पडलीच. आमची मात्र शेवटच्या रेषेपर्यंत पोचली. पोरे एकमेकांच्या गळ्यात पडली. भाचीही हसत होती, पण डोळे पुशीत होती.

परतीच्या गाडीत मी हळूच विचारले, "मग काय? पंख हवा की नको?"

"हवाच," ती म्हणाली. "पण गाडी धावायला लागल्यावर, आणि पाच आठवडे आधी."

वरच्या बर्थवरून कप्तानाचा आवाज आला, "आणि बोल्टनं आवळलेला!"

इरोड मागे पडले होते. भाचीने वहीचे कोरे पान उघडले आणि वर तारीख घातली. कप्तान खाली उतरून तिच्याशेजारी बसला. बाहेर अंधारात वारा गजांवर आपटत होता. कुणाचे लक्ष नाही असे पाहून मी तळहात बाहेर काढला आणि हळूच खाली कलवला.