हुलकावणी द्यायची कुणाला?

ठुमरी ऐकताना अनेकांना वाटते की इथे ताल बाजूला सरकतो आणि नुसता भाव गायला लागतो. मला नेमके उलटे वाटते. मूर्तिजापुरात १९२० साली जन्मलेले गायक वसंतराव देशपांडे हा माझा पुरावा. तबला त्यांच्या हातात होता आणि त्यांची मोकाट वाटणारी गायकी लयीच्या त्या जाणिवेवरच उभी होती. दीपचंदीच्या १४ मात्रा तीन-चार-तीन-चार अशा विषम पडतात; म्हणून एकच शब्द दर आवर्तनात निराळ्या जागी सोडता येतो, कधी समेच्या आधी, कधी तिला हुलकावणी देऊन. ठेकाच नसेल तर हुलकावणी द्यायची कुणाला? शेवटी लग्गी सुरू झाली की तबलजी केरव्यात उधळतो आणि गायक मुखडा धरून राहतो. उपज, म्हणजे ऐन वेळी सुचलेली भर, हात बदलते, इतकेच.

यावर कुणी म्हणेल, हा तर हिशेब झाला, भाव कुठे? हिशेब श्रोत्याला दिसू लागला तर आक्षेप खराच. ठुमरीतल्या तिहायांच्या कसरती मलाही खटकतात. वसंतराव नाट्यपदेही गात, आणि तिथल्या उपजेवरचा आक्षेप अधिक वजनदार आहे. ‘कट्यार काळजात घुसली’ (१९६७) या संगीत नाटकात अभिषेकीबुवांच्या चाली बांधलेल्या, प्रसंग ठरलेला; गायकाने वाढवलेले प्रत्येक आवर्तन नाटकाला थांबवतेच. पण वसंतरावांचे खाँसाहेब हे पात्रच गवयाचे, त्यामुळे तिथे उपज हेच त्याचे वागणे होते. इतर संगीत नाटकांना मी ही सवलत देणार नाही. त्यांतली लांबलेली पदे ध्वनिमुद्रणात ऐकलेलीच बरी.