खेळांतील अधिकारभेद

खेळाचे नियम लहानथोरांस एकच असावेत, हें वरवर पाहतां न्याय्य वाटतें. व्यवहारांत मात्र आपण असें कधींच वागत नाहीं. बटूचा आचार निराळा, गृहस्थाचा निराळा आणि वृद्धाचा निराळा, हें आपल्या घराघरांत ठाऊक आहे. शास्त्रकारांनीं यालाच अधिकारभेद म्हटलें. खोखोच्या मैदानावरहि मला हाच विचार दिसतो.

१९ जानेवारी २०२५ रोजीं दिल्लीस पहिल्या खोखो विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. भारतीय महिलांनीं नेपाळचा ७८ विरुद्ध ४० असा पराभव केला. त्या संघाची कर्णधार प्रियांका इंगळे मूळची आपल्या बीड जिल्ह्यांतील केज तालुक्याची. त्या दिवसापासून आमच्या एकत्र कुटुंबांतील मुलांना दुसरा विषय सुचेना. माझा बारा वर्षांचा नातू शाळेच्या किशोर गटांत खेळतो. दूरचित्रवाणीवरील गड्यांप्रमाणें त्यानें मुरमाच्या टणक मैदानावर सूर मारला आणि दोन्ही कोपरें सोलून घेतलीं. सूनबाई म्हणाल्या, "मामंजी, हा खेळच आतां बंद करा." नातू म्हणाला, "आजोबा, त्यांच्यांत वजीर असतो, मग आम्हांलाच कां नाहीं?"

दोघांनाहि उत्तर देणें मला प्राप्त होतें.

पूर्वीं हा खेळ गांवोगांवीं निरनिराळ्या रीतीनें खेळत. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानें १९१४ मध्यें त्याच्या नियमांची घडी बसविली. पाठलाग करणारे नऊ. पैकीं आठ पाटीवर बसलेले आणि एक धांवता. थोरांची पाळी नऊ मिनिटांची, किशोरांची सात. २०२२ मध्यें व्यावसायिक स्पर्धा सुरू झाली. तींत पाठलाग करणारे सातच आणि पाळीहि सातच मिनिटांची. आंकडा एक, पण कारणें भिन्न. मुलांचीं मिनिटें कमी केलीं तीं त्यांच्या कोंवळ्या छातीकडे पाहून. व्यावसायिकांचीं कमी केलीं तीं घरीं बसून पाहणाऱ्यांच्या उतावीळपणाकडे पाहून.

सुराचेंहि तसेंच आहे. नेहमींच्या खेळांत गडी धांवत बाद करा कीं सूर मारून करा, गुण एकच. व्यावसायिक स्पर्धेच्या पहिल्या हंगामांत मात्र साध्या बादाला दोन गुण होते आणि सूर मारून केलेल्या बादाला तीन. अर्थात् ते सामने मॅटवर होतात. मॅटसाठीं ठेवलेलें आमिष मुरमावर आणलें, तर कोपरें फुटणारच.

आतां वजीर. पाठलाग करणाऱ्यानें एकदां दिशा घेतली कीं खांब येईपर्यंत मागें फिरावयाचें नाहीं, हा खोखोचा मूळ नियम. वजिराला मात्र वाटेल तिकडे वळण्याची मुभा आहे. व्याकरण शिकलेल्यांना हा प्रकार नवा नाहीं. सामान्य नियम तो उत्सर्ग आणि विशेष स्थळीं त्याला बाधणारा तो अपवाद. अपवाद बलवान् खरा, परंतु ज्याला उत्सर्गच अवगत नाहीं, त्याला अपवादाचें मर्म कळावें कसें? दिशा पाळून गडी कोंडावयाला जो शिकला, त्याच्याच हातीं वजिराची मोकळीक शोभते. मैदानभर स्वैर धांवणें हें केवळ शिवाशिवीच्या खेळासारखें होय.

म्हणून मीं नातवाला सांगितलें, "कुमार गटांत जाईपर्यंत सूर नाहीं आणि वजिराचा हट्ट नाहीं." तो दोन दिवस माझ्याशीं नीट बोलला नाहीं. सूनबाईंना म्हणालों, "खेळ बंद करूं नका. ज्या खेळाला चेंडू लागत नाहीं कीं बॅट लागत नाहीं, दोन खांबांवर भागतें, तो खेळ आपल्यासारख्या अवर्षणाच्या जिल्ह्यांतील मुलांनीं सोडला, तर खेळावें तरी काय?" त्या अद्याप पुरत्या राजी नाहींत, आणि आईच्या काळजाला तर्कानें जिंकूं नये, इतकें मलाहि कळतें.

पालकांस मात्र एक विनंती आहे. मुलांना थोरांचे सामने अवश्य दाखवावेत. पण ते कोणत्या जमिनीवर आणि कोणत्या नियमांनीं खेळले जातात, तेंहि शेजारीं बसून सांगावें. आणि शाळेचें मैदान वर्षांतून एकदां तरी खणून, खडे वेंचून, पाणी शिंपडून मऊ केलें जातें कीं नाहीं, हें घरांतील वडील माणसानें स्वतः जाऊन पाहावें.