पारवा

मॉरिशस म्हणजे ऊस आणि डोडो, एवढ्या दोन शब्दांत आम्ही वर्षानुवर्षे हा देश वर्गात उरकून टाकीत आलो. उडता न येणारा तो पक्षी खलाशांनी खाऊन संपविला, हेही ठासून सांगत असू. गेल्या मे महिन्यात तेथे नोकरीस असलेल्या पुतण्याने बोलाविले, म्हणून तो देश पाहण्याचा योग आला.

माहेबूर गावाजवळून (या नावात आम्हांला उगीचच ‘माहेर’ ऐकू आले) होडीने एका लहानशा बेटावर जाता येते. ईल-ओ-झेग्रेत त्याचे नाव. विस्तार अवघा २६ हेक्टर. तेथे आबनुसाचे जुने रान राखले आहे. आबनूस म्हणजे आपल्या टेंभुर्णीचा भाऊबंद. सतराव्या शतकात डचांनी तो जहाजे भरभरून नेला.

अशाच एका झाडाखाली उभे राहून आम्ही सौ.ला डोडोची कथा ऐकवू लागलो. आवाज अर्थातच वर्गातला. ‘अहो, जरा गप्प बसा ना!’ ती कुजबुजली. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात हे वाक्य तिने प्रथमच उच्चारले. तिच्या नजरेच्या रोखाने पाहिले, तो समोरच्या फांदीवर एक कबूतर! अंग फिकट गुलाबी, पंख तपकिरी, शेपटी तांबूस, आणि पायांत रंगीत कडी. ते आमच्याकडे निर्धास्तपणे पाहत होते.

वाटाड्या तरुणाने सांगितले, की डोडोही कबुतराच्याच कुळातला. खलाशांनी तो खाल्ला हे खरे. परंतु जहाजांतून आलेल्या उंदीर, डुकरे आणि माकडांनी जमिनीवरची त्याची अंडी खाल्ली, तो घाव अधिक खोल होता. आमचा धडा निम्माच होता तर! या गुलाबी कबुतरावरही तीच पाळी आली होती. १९९० च्या सुमारास रानात जेमतेम दहा पक्षी उरले होते. पिंजऱ्यात पिल्ले वाढवून ती रानात सोडली, उंदीर-मांजरांचा बंदोबस्त केला, दाणे ठेवले. आज त्यांची संख्या चारशेच्या वर आहे.

ज्याला दाणे घालावे लागतात, तो पक्षी रानटी कसला, असा प्रश्न आमच्या ओठांवर आला होता. तो तेथेच थांबला. सीमाभागातील आमच्या सरकारी मराठी शाळेत पहिलीच्या पटावर यंदा नऊ नावे आहेत, आणि तीही दारोदार हिंडून मिळविलेली. ‘ओढूनताणून किती दिवस चालविणार, सर?’ असे आम्हांलाही विचारतातच की.

पुतण्याच्या घरमालकीणबाईंचे पूर्वज कोकणातून उसाच्या मळ्यांवर गेलेले. घरात बोलणे सारे क्रिओलमध्ये. नात मात्र शाळेत मराठी शिकते. संध्याकाळी आम्ही पक्ष्याचे छायाचित्र दाखविले. आजींनी ते डोळ्यांजवळ नेले, बराच वेळ निरखले, आणि कोठून कोण जाणे, त्यांच्या तोंडून शब्द आला, ‘पारवो.’

‘पारवो’ नव्हे, ‘पारवा’, अशी दुरुस्ती करण्याची मास्तरकी आम्ही कष्टाने गिळली. नातीला शब्द नवा होता. तिने वही आणली, आजीने म्हटला तसाच लिहून घेतला आणि विचारले, ‘एकाहून जास्त असले तर?’

‘पारवे,’ आमच्या आधी सौ.ने सांगितले.